रुमाल टाकून धरलेली जागा

चर्चमधल्या बायकांची बस वसईहून मुंबई दाखवायला निघाली, तेव्हा फ्लॉसी खिडकीशी बसली आणि सवयीने शेजारच्या जागेवर आपला पांढरा रुमाल पसरला. एसटीत ती नवऱ्यासाठी, पीटरसाठी, जन्मभर अशीच जागा धरत आली होती. पीटर गेल्या पावसाळ्यात वारला, हे तिला रुमाल पसरल्यावर आठवलं. पण तो उचलायला हात होईना.

बायका रोझरीची प्रार्थना म्हणत असताना बस खाडीपूल ओलांडून गेली.

राणीच्या बागेतून परत येऊन बघते तर रुमाल मधोमध चुरगळला होता, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखा. गेटवेहून आल्यावर तो हाताला कोमट लागला.

फ्लॉसीला भीती अशी वाटलीच नाही. दुपारचं ऊन समुद्रावर पेंगत होतं, शहर काचेबाहेरून संथ वाहत होतं. ती हळूच खिडकीकडे सरकली. पीटरला नेहमी ऐसपैस बसायला लागायचं.

शेवटी बांद्र्याला मोत मावलीच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावून ती सगळ्यांच्या मागून बसमध्ये चढली. शेजारच्या जागेवर आता रुमाल नव्हता.

"बसा ना मावशी," मागच्या सीटवरची प्रिन्सी हसून म्हणाली, "तुमची जागा धरून ठेवलीय कुणीतरी."

खिडकीशी, फ्लॉसीच्याच जागेवर, निळ्या चौकडीचा रुमाल नीट पसरलेला होता. शवपेटीचं झाकण लावायच्या आधी तिनेच तो पीटरच्या कोटाच्या खिशात ठेवला होता.