रिकामा रकाना

बंगलोरचं एक कॉलेज आणि जर्मनीतलं एक विद्यापीठ यांनी मिळून दिलेली, नवकल्पना आणि उद्योजकता या विषयातली मोठी पदवी. १९९८ साली बंगलोरच्या बसवनगुडी भागात हे शिकलेली शिवानी एकटीच. गजरे ओवणारं यंत्र तिनं स्वतः बनवलं होतं आणि ते पाहून जर्मन प्राध्यापकांनी तिला पहिला नंबर दिला होता. कारखान्यासाठी तिच्या वडिलांनी, अण्णांनी, के. आर. पुरमची आपली शेड रिकामी करून ठेवली होती. सरकारी योजनेतून लेथ मिळणार होतं, फक्त पदवीचा कागद हवा होता.

कागदावर जर्मनीची सही होती. इथल्या डायरेक्टरांनी मात्र पेन खाली ठेवलं.

"नोकरी कुठं लागली, हा रकाना रिकामा आहे."

"सर, मी कारखाना काढतेय."

"फार छान! पण आपली जाहिरात शंभर टक्के नोकरीची आहे. तुझ्या एकटीमुळे ती शहाण्णववर येईल. स्वल्प ॲडजस्ट माडम्मा, थोडं जुळवून घे."

"पण नोकरीच्या मागं लागू नका, असं तुम्हीच दोन वर्षं शिकवलंत ना!"

"ते परीक्षेपुरतं, अम्मा."

शिवानीनं तीन महिने खेटे घातले. शेवटी डायरेक्टरांनीच तोडगा काढला. तीन वर्षांच्या करारावर आधी तिची सही घेतली, रकाना स्वतःच्या हातानं भरला, मग कागदावर आपली सही ठोकली.



जूनपासून शिवानी त्याच कॉलेजात शिकवते : नोकरीचा मोह सोडून धंद्यात उडी कशी घ्यावी.