शेवटचं मार्गदर्शन

कोरोनामुळे आमच्या नर्सिंग कॉलेजचा निरोप समारंभ मोबाईलवरच झाला. मुलींना मार्गदर्शन मी करायचं ठरलं होतं. तान्ह्या बाळाला मांडीवर थोपटत, दाराला आतून कडी घालून मी बोलायला बसले.

स्क्रीनवर सगळ्या मुली नटून आल्या होत्या. कोविड सेंटरची ड्युटी करून आलेल्या तेजस्वीच्या मागे मात्र रवंथ करणारी म्हैस दिसत होती.

"तेजे, म्हशीलाबी डिग्री देणार हाईत काय गं?" कुणीतरी ओरडलं. सगळ्या हसल्या, तेजस्वीसुद्धा. मला काही हसू आलं नाही. तिच्या चौकटीकडे बघायचं टाळून मी घाईघाईनं भाषण सुरू केलं.

"मुलींनो, ज्या पेशंटजवळ घरचेही जात नाहीत, त्याच्याजवळ तुम्ही जाताय. तुमच्या ड्युटीला घाबरून कुणी तुम्हाला दारात अडवलं, तर मान खाली घालून मागं फिरू नका. आत का घेत नाही, ते तोंडावर विचारा!"

टाळ्या, अंगठे आणि बदामांनी स्क्रीन भरून गेली. प्राचार्य म्हणाले, "वा मॅडम, वा!" मलाही जरा बरं वाटलं. कुणाला काही विचारायचंय का, असं मी म्हटलं, तर तेजस्वीनं हात वर केला.

"भाषण लई भारी झालं, मॅडम," ती म्हणाली. मग अगदी हळू आवाजात,

 

"आज तरी मला गोठ्यातनं घरात घेशील न्हवं, वैनी?"