एक अधिक

"सही कर, झेन्को! पायाचा खुंट सडत चाललाय. उद्या मांडीही कापावी लागेल." ओरिस्याबाईंनी रजेचा अर्ज झेनोवीसमोर आपटला. "युद्धात पाय गेलेल्यांना सरकार उपचारासाठी भरपगारी रजा देतंय. लोक रजा मिळत नाही म्हणून रडतात, तू मिळते म्हणून! तुझ्यावाचून काय सगळ्या गावाचं पाणी तुटणार आहे?"

द्रोहोबिचच्या पाणीखात्यात या साहेबीणबाईंपुढे कुणाचं काही चालत नसे. झेनोवी मात्र नकारार्थी मान हलवत राहिला. शेवटी त्याने खिशातून तडा गेलेला एक फोन काढला.

"हा यारेमाचा," तो म्हणाला. "खंदकात माझ्या शेजारी होता. माझा पाय गेला, तो सगळाच गेला. प्रेतसुद्धा हाती लागलं नाही. सरकारदरबारी बेपत्ता. त्याची आई, स्तेफाकाकू, तिकडे खेड्यात एकटीच असते. सुट्टीत आम्ही दोघं तिच्याच हातचं जेवायचो. रोज सकाळी तिला मीच पाठवतो."

काय पाठवतो, हे बाईंनी विचारलं नाही. आघाडीवरची पोरं घरी एवढंच पाठवतात, अधिकचं चिन्ह. जिवंत आहे, असा त्याचा अर्थ. बाईंचा भाचा अजून पाठवतो.

"बेशुद्ध पडलो तर कोण पाठवणार? एक सकाळ चुकली तर म्हातारी धसक्यानेच जाईल."

बाईंनी फोन उचलून आपल्या पर्समध्ये टाकला.

"मी पाठवीन. तू सही कर."

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी त्या इस्पितळाच्या बाकावर बसल्या. आत झेनोवीला भूल दिली होती. मेलेल्या पोराचा फोन हातात धरवत नव्हता. त्यांनी अधिक उमटवलं. ते त्यांना फारच उघडंबोडकं वाटलं. आईला पाठवायचं ना, म्हणून पुढे एक छोटासा लाल बदाम जोडला आणि पाठवून दिलं.

आजवर तिकडून उत्तर म्हणून फक्त अधिकच यायचं. आज शब्द आले.

"तुम्ही कोण? माझ्या झेन्कोला काय झालं?"