खालचा लाल रंग

बॉनेटवरच्या शब्दावरून पेंटरने अंगठ्याचं नख फिरवलं. प्रत्येक रेघेत नख अडकलं.

“चावीने केलंय,” तो म्हणाला. “चांगला जोर लावून. पत्र्यापर्यंत गेलंय.”

“माहीत आहे,” ती म्हणाली.

तिने बघितलं होतं. वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून, भर दुपारी. धाकटा भाऊ गाडीवर ओणवा झाला होता. तिला वाटलं, काच पुसतोय. ती खाली पोचेपर्यंत तो निघून गेला होता आणि बाबांच्या लाल गाडीवर ‘चोर’ असं लिहिलेलं होतं.

बाबांच्या मागे दुकान त्याला मिळालं, घरही त्यालाच. तिच्या वाट्याला आली ती एवढी गाडी. तीही त्याच्या डोळ्यांत खुपली. शेवटी आईने तिचा हात धरला. देऊन टाक त्याला, म्हणाली, मी आहे तोवर तरी एकमेकांशी बोला. ती हो म्हणाली. भावाने आढेवेढे न घेता गाडी घ्यायचं कबूल केलं. फक्त जरा नीट करून दे, म्हणाला. त्या शब्दाविषयी आईला तिने सांगितलं नाही. त्याने तर नाहीच नाही.

“घासून रंग मारतो,” पेंटर म्हणाला. “मुळासकट जाईल. रॅप पण असतो, वरून पातळ कातडं चढवल्यासारखं, पाहिजे त्या रंगात. नको झालं की सोलून काढायचं, खालचा रंग जसाच्या तसा. पण या गाडीला मी ते सुचवणार नाही.”

“का?”

“ही अक्षरं. तशीच ठेवली तर रॅपवर उमटतील. रेघांत पुट्टी भरून सपाट केलं, तर वरून कुणाला संशयही यायचा नाही. पण पुट्टी असते करडी. पुढेमागे रॅप निघाला की लालवर करडं. आता जवळ येऊन वाचावं लागतंय, मग रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल.”

ती गाडीकडे बघत राहिली. त्या दुपारपासून तिला जेवण गोड लागलं नव्हतं. आता कुठे बरं वाटायला लागलं.

“पुट्टी भरा,” ती म्हणाली. “फक्त रेघांत. वरून रॅप.”

“मॅडम, मी आत्ताच काय सांगितलं?”

“ऐकलंय मी.”

तेवढ्यात भाऊ आला. हसतमुख, हातात फोन. गाडीला वळसा घालताना तो डिकीच्या बाजूने गेला. बॉनेटकडे त्याने पाहिलं नाही.

“ठरलं का, ताई?”

“रॅप करू म्हणतेय. मॅट काळा. तुला आवडतो ना?”

“आवडतो. पण रंगच का नको? कायमचं काम झालं असतं.”

“बाबांचा लाल कायमचा गेला असता. रॅपखाली तो तसाच राहतो. तुला हवा तेव्हा परत.”

भावाने मान डोलावली. मग कानामागे खाजवलं. “आणि ते... हे... ओरखडे?”

“कुठले?”

त्याने फोनकडे पाहिलं. पुढे विचारायचं तर तो शब्द तोंडातून काढावा लागला असता. पेंटर हातातली पुट्टीची पट्टी फडक्याला पुसत उभा होता. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पट्टी पुसायला घेतली.

“पुढचे ना?” ती म्हणाली. “ते भरून घेतेय.”

“मग झालं तर.” भाऊ मोकळा झाला. चाकावर पाय टेकवून ऐटीत उभा राहिला. “ताई, एक सुचतंय बघ. दुकानाची दुसरी शाखा काढतोय ना, उद्घाटनाला ही गाडी दारात उभी करायची. काळी. सगळे जमले, बाजारातली मोठी माणसं आली, की त्यांच्या देखत रॅप ओढून काढायचा. आतून बाबांची लाल गाडी. जुनी गिऱ्हाईकं ही गाडी ओळखतात. बघत राहतील नुसती.”

“बघतील,” ती म्हणाली.

“आणि सुरुवात आईच्या हातून करायची. तिला पुढे उभं करून.”

बॉनेटसमोर आई उभी राहिली तिच्या डोळ्यांपुढे. चष्मा सावरत, एकेक अक्षर लावत. एवढ्या वेळात पहिल्यांदाच तिला वाटलं की पेंटरला सांगावं, घासून टाका सगळं.

पेंटरची पट्टी थांबली होती.

“आईच्या नको,” ती सावकाश म्हणाली. “तिला गर्दी सोसत नाही. तिला आत खुर्चीवर बसवू, मी थांबेन तिच्याजवळ. रॅप तू काढ. दुकान तुझं, गाडी तुझी. लोक तुलाच बघायला येणार.”

भावाचा चेहरा उजळला. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला.

“तुझं हे बरं असतं, ताई,” तो म्हणाला. “तू मनात काही ठेवत नाहीस.”

“नाही ठेवत,” ती म्हणाली.

तो फोनवर बोलत रस्त्याला लागला. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत पेंटर थांबला.

“भरू?”

“भरा.”