शालनची नोंद

विहारातले भन्ते वीस वर्षं आमच्या अंबरनाथच्या वस्तीचा इतिहास वहीत लिहीत होते. एक जानेवारी पंचाण्णवच्या आधीच्याच झोपड्या राहतील, असं सर्व्हेवाले साहेब म्हणाले, तेव्हा शालननं धावत जाऊन ती वही आणली आणि त्यांच्या हातात दिली.

"यात सगळ्यांचं लिहिलंय साहेब, माझं पण. आमचे भन्ते खोटं लिहीत नाय."

साहेबांनी पानं उलटली आणि मोठ्यानं वाचलं, "शालनने झोपडी बांधली. नव्या चुलीवरचं पहिलं जेवण विहारात आणून दिलं. १४ मार्च १९९५."

आठवड्याभरात तिची झोपडी पाडली. भन्ते मान खाली घालून उभे होते. शालननं वही त्यांच्यापुढे धरली.

"आजची पण तारीख टाका, भन्ते. चुकू नका."