शिक्षण सुटल्याचं कारण

चार वाजता अमरावतीच्या तहसीलबाहेर टायपिंगवाल्याने शिवमचं प्रतिज्ञापत्र रागिणीपुढे सरकवलं. तीन वर्षांनी तुरुंगातून सुटलेल्या तिच्या धाकट्या भावाला एका संस्थेने बी.ए.ला प्रवेश आणि शिष्यवृत्ती मिळवून दिली होती. शिक्षणातल्या खंडाचं कारण सांगणारा हा कागद पाचच्या आत कॉलेजात हवा होता. साक्षीदार म्हणून तिची सही राहिली होती. तिने वाचलं: ‘घरगुती अडचणीमुळे शिक्षण सुटले.’ “तुरुंग काहून नाही लिवला?” तिने टायपिंगवाल्याला विचारलं. “अवं पोरी, गॅपवाल्या सगळ्याइले हेच लिवतो.” शिवमच्या खटल्यापायी ती दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून नांदगाव पेठेच्या कापडगिरणीत लागली होती; तिच्यासाठी कोणतीच संस्था आली नव्हती. “ताई, कर ना सही. वाचून काय परीक्षा द्याची आहे तुले?” शिवम हसला. “हे कारण माह्यं आहे,” ती म्हणाली. चार पन्नासला तिच्या पेनाचं टोपण लागलेलंच होतं.