दुसरा हिवाळा

"नाही म्हणाले." वकीलबाई ऑड्रांनी कागदाची घडी घालून तो पर्समध्ये टाकला. "ऐकूनच घेणार नाहीत. कारणसुद्धा दिलेलं नाही."

डेल्बर्ट स्टंपरने टोपी काढून छातीशी धरली. सगळ्यात वरचं कोर्ट असलेली केंटकीची राजधानी ज्या बाजूला, तिकडे तोंड केलं आणि म्हणाला, "देव त्या सगळ्या न्यायमूर्तींचं भलं करो. काय सावकाश माणसं!"

बाईंना वाटलं, गडी कामातून गेला. सोमवारी त्याला वर्षभरासाठी तुरुंगात हजर व्हायचं होतं.

गुन्हा साधाच होता. विधवा बर्डीच्या घळीतलं जिनसेंग कुणीतरी मुळासकट खणून नेलं, आणि त्या औषधी मुळ्या डेल्बर्टच्या पोत्यात सापडल्या. ती रोपं बर्डीच्या नवऱ्याने, हायरमने, मरायच्या आधी लावलेली. न्यायाधीश तसे मऊ. म्हणाले, बर्डीबाईंनी कधीही माफ केलं तर मीही तुरुंग माफ करीन. बर्डी कडाडली, "माझ्या हायरमची रोपं जमिनीतून परत वर येतील ना, त्या दिवशी माफ करीन मेल्याला!" सगळं कोर्ट हसलं. डेल्बर्ट तेवढा हसला नाही.

पहिलं अपील फेटाळलं गेलं. तेव्हा तो बाईंच्या मागे लागला, की आता सगळ्यात वरच्या कोर्टात टाका.

"अरे बाबा, तिथे ऐकायचं की नाही ही त्यांची मर्जी. बहुतेकांना दारातूनच परत पाठवतात."

"पाठवू देत. पण नाही म्हणायला वेळ किती लावतात?"

"वसंत उजाडेल. तोवर तू जामिनावर बाहेर."

"मग टाकाच."

आणि आता वसंत उजाडला होता. "चला," डेल्बर्ट म्हणाला, "बर्डीकाकूंकडे जाऊन येऊ."

बर्डी घळीतल्या ओल्या मातीत गुडघे टेकून बसली होती. जिथे जिथे खड्डा पडला होता, तिथे तिथे तीन-तीन पानांची कोवळी रोपं उभी होती. डेल्बर्टला पाहून तिने पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावला.

"हायरमचीच आहेत ही," ती म्हणाली. "बोलून बसले ना मी! आता शब्द फिरवता येतो होय? उद्याच न्यायाधीशांना सांगते. आणि तू आत ये मेल्या, सफरचंदाचा केक केलाय. आधी हात धू. ते हात मला चांगले माहीत आहेत."

ती घराकडे वळली. बाईंनी हळूच विचारलं, "हा चमत्कार झाला कसा रे?"

"मुळी चोरीची असली तरी तिच्या लाल फळांतली बी त्याच खड्ड्यात पुरायची, असं आईने शिकवलंय." डेल्बर्टने टोपी पुन्हा काढली. "बी उगवायला दोन हिवाळे लागतात, वकीलबाई. एक खालच्या कोर्टांत गेला. दुसरा त्या देवमाणसांनी दिला."